भरल्या गाडीचे माप

सांगलीत मिरजेच्या वाटेला, चिंचेखाली पत्र्याचे छप्पर घातलेला सिद्रामआण्णा लोहारांचा कारखाना कुणाला दाखवायला नको. आण्णांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्या गौरवग्रंथात मीही चार ओळी लिहाव्यात असा मंडळींचा आग्रह आहे. मी शाळा पाहिलेला माणूस नाही. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे जुळवली आणि जन्मभर मोटार हाकली. शब्दांचे गियर कुठे खरखरले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आण्णांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. मी तेव्हा डॉक्टरीणबाईंची गाडी नुकतीच चालवायला घेतली होती. बाईंचे सांगलीत छोटेसे बाळंतपणाचे घर, आणि आसपासच्या खेड्यांत एखादी बाई अडली की आमची गाडी तिला आणायला जायची. एकदा मागचा स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून मी गाडी कशीबशी आण्णांच्या दारात आणली. आण्णा बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवत होते. मी दोनदा भोंगा वाजवला. त्यांनी मान वर न करताच विचारले, "मोटारीला काय शिंगं आल्यात व्हय? बैल उन्हात हुबा हाय, आधी त्येचं. तुमची गाडी काय पाणी मागत न्हाई."

"मागती की! रेडिएटर बघा," मी म्हणालो.

आण्णा इतके हसले की हातातली सांडशी खाली ठेवावी लागली. धाव बसली, बैल वाटेला लागला, मग त्यांनी मला आपल्या फडक्यातली भाकरी आणि शेंगादाण्याची चटणी खायला लावली, आणि दिवस मावळायच्या आत पाटाही बसवून दिला. तेव्हापासून आमची गट्टी जमली ती आजतागायत.

आण्णांचा स्वभाव तापट आहे हे गौरवग्रंथात लिहू नये असे एकाने सुचवले. पण मिरचीला गोड म्हटले तर मिरचीचाच अपमान. "चालतंय की" हा शब्द त्यांच्या कारखान्यात कुणी काढला की हातोडा भिंतीकडे भिरकावला जायचा. एकदा मला असेच तोंडभर बोलले, आणि दुपारी ओल्या शेंगांचे गाठोडे घेऊन स्वतःच माझ्या दारात हजर! माझ्याशी एक अक्षर नाही. बायकोला म्हणाले, "वहिनी, उकडून घाला ह्येला. डोस्कं थंड हुतंय म्हणं." डोके कुणाचे तापले होते, हे वहिनींना ठाऊक होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी धरली ती सांगतो. लढाईचा काळ होता. पेट्रोल कुपनावर, आणि टायर तर देवाच्या दर्शनासारखे दुर्मिळ. आमच्या गाडीचे मागचे टायर पार झिजले होते. बाईंनी खटपट केली तेव्हा एक जोडी मिळाली, पण ती एक माप मोठी. चाकावर चढली खरी, मात्र गाडी जरा झुकली की टायर मडगार्डच्या आतल्या काठाला घासायचा. असा घासत राहिला तर फाटणार, आणि हे फाटले तर दुसरे मिळणार नव्हते. गाडी बसली की पलूसकडच्या अडलेल्या बायकांना बैलगाडीशिवाय वाट नाही. त्यातच माझी थोरली लेक हौसा पलूसला सासरी होती. दुसरे बाळंतपण म्हणून माहेरी आणली नव्हती. तिचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला ती मरता मरता वाचली होती. त्यामुळे चाक घासल्याचा आवाज आला की तो माझ्या काळजावरून जायचा.

एका गॅरेजवाल्याने जादा पाटे घालून गाडी उचलायला सांगितले. आण्णा म्हणाले, "म्हंजे गाडी दगडावाणी कडक हुनार. पोटुशीला दगडावरनं आणायची हाय व्हय?" दुसऱ्याने मडगार्डचा काठ कापून टाका म्हटले. त्यावर आण्णांचे उत्तर, "कापल्याल्या पत्र्याची सुरी हुती गड्या. आज घासतंय ते उद्या चिरंल." त्यांनी मडगार्डच्या बोल्टांखाली चकत्या घातल्या, मडगार्ड जरा बाहेर सरकवले, टायर आणि पत्र्याच्या मधून बोट फिरवून पाहिले. बोट अडले नाही. मीही फिरवले. आम्ही दोघे खूश.

त्याच आठवड्यात पलूसच्या पुढून एक अडलेली बाई आणायची होती. आता आपल्याकडची रीत वाचकांना सांगायला नको. बाई दवाखान्याला निघाली की एकटी निघत नाही. आई बसली, सासू बसली, जाऊ बसली, "मला बी न्या" म्हणत आत्या बसली. भाकरीचे गाठोडे आले, गोधड्या आल्या, फुटबोर्डावर दीर आणि मामा लोंबकळले. येरळेच्या पात्रात उतरताना गाडी एका अंगाला कलली आणि मागून जळक्या रबराचा वास आला. टायरची कड वरवर सोलून निघाली होती. अडलेली बाई आणि तिची आई तेवढ्या ठेवून बाकीच्यांना वाळूत उतरवले, आणि गाडी गोगलगायीसारखी सांगलीला आणली. ती बाई सुखरूप सुटली. पण उतरवलेल्या सासूबाई ऊन डोक्यावर घेत चालत आल्या आणि आल्या आल्या मला म्हणाल्या, "लेकीगत सून सोडून ऱ्हायलो मी वाळूत. तुमच्या मोटारीपरास आमचा रेडा बरा."

डॉक्टरीणबाईंनी सोपा उपाय काढला. "यापुढे रुग्णाबरोबर एकच माणूस घ्यायचा," त्या म्हणाल्या.

आण्णा टायर बघायला आले होते, तिथेच उभे होते. सोललेल्या टायरवरून हात फिरवत ते म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. मी रिकाम्या गाडीचं माप घेतलं. रिकामी गाडी आपल्या मुलखात जाती कवा? घाबरल्याली पोर हाय, तिच्या भवती तिची माणसं नगंत व्हय? माणसं उतरवायची न्हाईत. पत्रा हालवायचा."

बाई हसल्या. "मग हलवा. पण लवकर."

दुसऱ्या दिवशी आण्णांनी शेजारच्या तालमीतले पाच-सहा पैलवान बोलावले. वस्तादांना विचारून, मारुतीच्या पाया पडून हौद्यातली तांबडी माती घमेल्यात आणली, पाण्यात कालवली आणि मडगार्डच्या आतल्या काठाला लिंपली. जिथली माती पुसली जाईल तिथे टायर लागतो, असा हिशेब.

"आण्णा, खुराक देणार असला तरच बसतो," एक पैलवान म्हणाला.

"बसा रं पोरांनू, दूध बदाम देतो. पर समदी एका अंगाला झुका. गाडी चितपट करायची हाय असं समजा."

पैलवान कोंबले, फुटबोर्डावर दोघे चढवले, आणि मी गाडी बांधावरून, खड्ड्यातून, चढावरून फिरवली. परत आलो की आण्णा चाकाखाली डोके घालणार, माती कुठे पुसली ते बघणार. तेवढ्याच जागी बाभळीच्या लाकडाचा ठोकळा आतून लावून काठाचा पत्रा हळूहळू दुमडत वर बसवणार. एकदम ठोकले तर पत्रा चिरतो. पुन्हा माती, पुन्हा पैलवान. एक फेरी झाली की मी म्हणायचो, "आता बास, आण्णा." ते म्हणायचे, "तुझी हौसा हलकी आसंल गड्या, तिचं सासर लय वजनदार हाय." शेवटी जुन्या टायरचा जाड तुकडा आसावर बांधून गाडीची खाली बसायची हद्दही ठरवून टाकली. संध्याकाळच्या फेरीला माती जशीच्या तशी ओली होती. पैलवान मात्र दमून चिंचेखाली आडवे झाले होते.

चार दिवसांत हौसाचा सांगावा आला. मी निघालो तर आण्णा न विचारता पुढे येऊन बसले. येताना गाडीत हौसा, तिची सासू, जाऊ, आधीच तिच्याजवळ जाऊन राहिलेली माझी बायको, गाठोडी, गोधड्या, आणि फुटबोर्डावर जावई. कुणालाही उतरवले नाही. हौसा दोन्हीकडे दोघींचे हात धरून बसली होती. येरळेचा उतार आला तसे आण्णा खाली उतरले आणि मागच्या चाकाकडे कान लावून गाडीबरोबर वाळूपाण्यातून वाकून चालू लागले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत ओले. मी ओरडून विचारले, "वाजतंय का?"

"काय बी न्हाई! तू फुडं बघ!"

डॉक्टरीणबाईंच्या दारात पोचलो. आम्ही बाहेर बसलो. किती वेळ गेला ते मला कळले नाही. आण्णा विडी पेटवायचे आणि ओढायचे विसरायचे. मग आतून रडण्याचा आवाज आला, आणि बाई दारात येऊन म्हणाल्या, "मुलगी आहे. हौसा ठीक आहे."

आण्णांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की आजही पाठ आठवण काढते. म्हणाले, "गाडी गप ऱ्हायली आन् नात वाजली. आसंच पायजेल."

ती नात आता पाटी घेऊन शाळेत जाते, आणि सुट्टीला सांगलीला आली की आधी आण्णांच्या कारखान्यात पळते. त्या दुमडलेल्या काठाच्या गाडीतून किती अडलेल्या बाया आल्या, हे मोजणे आमच्या मुलखात शुभ मानत नाहीत, म्हणून मोजले नाही. पण एकीच्याही आईला वाळूत उतरावे लागले नाही, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

समारंभाच्या दिवशी आण्णांना याच गाडीतून मिरवत न्यायचे ठरले आहे. बाईंनी गाडी आनंदाने दिली, हाकणारा अर्थात मीच. हे सांगायला गेलो तेव्हा आण्णांनी आधी एकच विचारले, "माझ्यासंगं मागं कितीजण बसणार हायत?"

मी म्हणालो, "आण्णा, ज्यांना ज्यांना तुम्ही वाळूत उतरू दिले नाही, ती सगळी."

त्यांनी कोपऱ्यातले घमेले उचलले. "मग थांब. आधी तालमीतनं माती आणतो."

आण्णा, माती खुशाल लावा. आम्ही सगळी खच्चून भरून बसणार आहोत. तुमच्या पंचाहत्तरीला बसू, शंभरीलाही बसू. एवढ्या माणसांचे ओझे अंगावर घेऊन तुमची गाडी न घासता, न वाजता, धडधाकट चालत राहो, आणि दर उताराला तुमचा आवाज आमच्या कानी येवो, "तू फुडं बघ!"