दारातून दिसणारी चेटकीण

इंदूरला एक दुकान आहे. तिथे लोक टेबलाभोवती बसून योद्धे, राक्षस आणि जादूगारांचे खेळ खेळतात. खेळातल्या मूर्ती अंगठ्याएवढ्या असतात. त्या कोऱ्या करड्या रंगाच्या मिळतात आणि ज्याने त्याने रंगवायच्या असतात. दाराच्या समोर काचेचं एक कपाट आहे. ज्याचं काम चांगलं, त्याची मूर्ती त्या कपाटात लागते, आणि मग ज्यांना स्वतः रंगवायला जमत नाही ते आपल्या मूर्ती त्याच्याकडे देतात. मला त्या कपाटात जागा हवी होती.

का हवी होती, हे नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबा रेल्वेच्या रुळांवर काम करतात, आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. मी बीएस्सी करते याचा दोघांना अभिमान आहे. रंगवण्याबद्दल ते वाईट बोलत नाहीत. पण पाहुण्यांनी विचारलं की बाबा सांगतात, "बाहुल्या रंगवते. वेळ मिळाला की," आणि विषय बदलतात. त्या 'वेळ मिळाला की'ला मला उत्तर द्यायचं होतं. कपाटातली एक जागा मला पुरेशी होती.

म्हणून मी चेटकीण रंगवली. दलदलीतली म्हातारी, डोक्यावर टोपी, अंगावर लांब झगा, खांद्यावर बेडूक, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंदील. झग्याच्या प्रत्येक चुणीत हिरव्याच्या वेगवेगळ्या छटा घातल्या. पापण्यासुद्धा रंगवल्या. कॉलेज सुटल्यावर आमच्या गावच्या नानाखेडा बसस्टँडवरून बस धरून इंदूरला गेले आणि दुकानवाल्या भैयांच्या हातात ती ठेवली.

भैयांनी ती डोळ्यांजवळ नेली, भिंग लावून पाहिली. "हाथ बहुत साफ है तुम्हारा," ते म्हणाले. मी खूश झाले. मग त्यांनी ती कपाटात ठेवली आणि मला म्हणाले, "अब वहाँ दरवाज़े पे जाके देखो."

मी दारात गेले. कपाटात एक निळा योद्धा दिसत होता, त्याच्या तलवारीवरची चमकही दिसत होती. पलीकडे लाल पंखांचा एक प्राणी होता. दोघांच्या मध्ये शेवाळाचा एक गोळा होता. ती माझी चेटकीण होती.

"दिखी?"

"नहीं," मी म्हटलं.

"लोग लेंस लेके थोड़ी आते हैं, बेटा. अगले इतवार तक टाइम है. फिर पूरी अलमारी जम जाएगी."

चेटकीण परत घेऊन घरी आल्यावर मी तिचा फोटो काढला आणि फोनमध्ये त्याचा रंग काढून टाकला. काळ्या-पांढऱ्या फोटोत चेहरा, झगा, बेडूक, कंदील सगळं एकाच राखेत बुडवून काढल्यासारखं झालं. हिरवा आणि तपकिरी हे रंग वेगळे होते, पण उजेड सगळ्यांचा सारखा होता. इतके दिवस मी ज्या छटा घालत होते त्या फक्त मलाच दिसत होत्या, तेही मूर्ती नाकाला लावल्यावर.

असं कसं झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आई ओसरीच्या दारात उजेडाला बसली होती. मांडीवर मोरपंखी साडी होती आणि ती एकेक रीळ साडीवर ठेवून बघत होती. एक ठेवलं, डोळे बारीक केले, उचललं. दुसरं ठेवलं. तिसऱ्या रिळाचा दोरा साडीवर ठेवल्याबरोबर नाहीसा झाला. "हा," ती म्हणाली आणि सुईत ओवायला घेतला.

मी लहानपणापासून हेच करत आले होते. शाळेतून आले की आई म्हणायची, "बघ गं, तुझी नजर चांगली आहे, कुठलं मॅच होतंय?" फॉलचा टाका साडीवर दिसला की बाया साडी परत आणून देतात. त्यामुळे आमच्या घरात चांगला रंग म्हणजे शेजारच्या रंगात हरवणारा रंग. मी रंग कालवायचे तेव्हा थेंब झग्याशेजारी धरायचे आणि जो दिसेनासा व्हायचा तोच लावायचे. कुणी शिकवलं नव्हतं, हाताची सवय होती.

मी आईला चेटकीण दाखवली. तिने ती उजेडात फिरवून बघितली.

"अगं, एकदम सही मॅचिंग झालंय! बेडूक पण झग्याच्या रंगाचाच केलास."

"तेच तर चुकलंय."

"काय चुकलंय? इतकं गोड काम आहे."

"दुकानाच्या दारातून काहीच दिसत नाही."

"मग दारातून कशाला बघायचं? जवळ जाऊन बघावं माणसानं. लोकांना काय पाय नाहीत का?"

मला हसू आलं, पण ज्याला आई गोड म्हणत होती तेच मला मोडायचं होतं. नवीन मूर्ती मागवायला वेळ नव्हता. याच मूर्तीवर, याच रंगांवर पुन्हा रंग चढवायचा होता. एकदा चुकलं की पापण्यांसकट सगळं गेलं असतं. मी चेटकिणीला पाटावर ठेवलं आणि ब्रश धुतला. मग ठरवलं की आधी अंधार करायचा. उजेडाची मला भीती वाटत होती, अंधाराची कमी.

निळसर काळा रंग खूप पाणी घालून पातळ केला आणि झग्याच्या चुण्यांच्या तळाशी सोडला. झग्याचा खालचा घेर जवळजवळ काळा केला. वाळल्यावर झग्याचं वजन वाढल्यासारखं वाटलं. मग चुण्यांच्या कडांना पिवळट हिरवा रंग कालवला. थेंब झग्याशेजारी धरला. तो इतका ठळक दिसला की हात आपोआप त्यात गडद हिरवा मिसळायला गेला. हात मागे घेतला. पुन्हा गेला, पुन्हा घेतला. शेवटी गडद हिरव्याची बाटली उचलून आईच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवून आले.

"माझ्या खणात रंग नकोत हं," आई म्हणाली.

"दोन दिवस राहू दे. मला दिसायला नको."

"बाटली लपवते आहेस? ही कुठली परीक्षा?"

"आहे परीक्षाच."

ठळक रंग लावला. प्रत्येक कडेला लावला, बाह्यांना, टोपीला, बेडकाच्या पाठीला, काठीला. मग दूर ठेवून पाहिलं. चेटकिणीवर कुणी खडूने रेघा मारल्यासारखं झालं होतं. आता ती दिसत होती, पण तिच्यात नेमकं काय बघायचं ते कळत नव्हतं. तेवढ्यात बाबा ड्यूटीवरून आले. बूट काढता काढता त्यांनी पाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिला झेब्रा का केलं?"

आईने लगेच संधी साधली. "मी सांगितलं होतं. आधीची छान होती. आता बिघडवली."

मला रडू येईल असं वाटलं. पण रडण्यापेक्षा राग जास्त आला, आणि तो स्वतःचाच होता. मी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेले होते. आधी सगळं हरवलं होतं, आता सगळंच ओरडत होतं. मी मूर्ती उचलून खिडकीत नेली आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: दारातून बघणाऱ्याला सगळ्यात आधी काय दिसायला हवं? चेहरा. त्यानंतर? कंदील. बाकीच्यांनी या दोघांसाठी मागे सरायचं.

मग मी ठळकपणा काढून घ्यायला सुरुवात केली. खणातली बाटली परत आणली. पातळ हिरवा रंग रेघांवरून पुन्हा पुन्हा फिरवला, एक थर वाळला की दुसरा, पाठीवरच्या आणि खालच्या घेरावरच्या रेघा बसून जाईपर्यंत. फक्त कंदिलाच्या बाजूच्या चुण्या उजळ ठेवल्या. त्यांत हिरव्याऐवजी थोडा नारिंगी घातला, कारण उजेड कंदिलाचा होता. चेहऱ्याला गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर जवळजवळ पांढरा रंग लावला. बेडकाला पिवळा केला. आई शेजारी उभी राहून बघत होती.

"बेडूक एवढा पिवळा असतो का कधी?"

"चेटकिणीचा असतो."

"हो का, तुझ्या ओळखीची आहे ना ती," ती म्हणाली, पण गेली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तोंड मात्र आता दिसतंय. म्हातारी रागीट आहे गं."

ती रागीट आहे हे मलासुद्धा तेव्हाच कळलं. पापण्या मीच रंगवल्या होत्या, तरी तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहत होते.

शेवटची कामं छोटी होती, पण त्यांची घाई करायची नाही असं मी ठरवलं होतं. रंग टिकावा म्हणून सगळ्या मूर्तीवर चमकदार वार्निश लावलं, ते वाळल्यावर वरून चमक घालवणारं. मग चमकदार वार्निशचा एकेक ठिपका फक्त बेडकाच्या डोळ्यांवर, कंदिलाच्या काचेवर आणि पायाखालच्या चिखलावर दिला. चिखल ओला झाला. खालच्या गोल तबकडीची कड काळी केली, म्हणजे नजर घसरून खाली जाणार नाही. पुन्हा फोटो काढून त्यातला रंग काढला. या वेळी राखेत एक चेहरा होता आणि शेजारी एक दिवा.

रविवारी दुकानात गर्दी होती. भैयांनी या वेळी भिंग घेतलंच नाही. चेटकीण कपाटात ठेवली आणि ते स्वतः दारात जाऊन उभे राहिले. मी कपाटापाशीच थांबले. मला तिकडे जायचं धैर्य नव्हतं.

"आओ इधर," ते म्हणाले.

मी गेले. निळा योद्धा तिथेच होता, लाल पंखही तिथेच होते. मध्ये एक म्हातारी कंदील वर धरून माझ्याकडे रागाने बघत होती.

"अब दिखी," भैया म्हणाले. "कंदील वाला हाथ नीचे से थोड़ा सूना है. रोशनी वहाँ भी पड़ेगी ना."

ते बरोबर होतं. मी विचारलं, "वापस ले जाऊँ? ठीक करके लाती हूँ."

"नहीं, इसको रहने दो. ये अगली में करना."

ते कपाटाला कुलूप लावू लागले. मला कुणाकडे काही मागता येत नाही. कॉलेजातही शंका विचारायची असली तर मी आधी वाक्य मनात तयार करते, आणि तोपर्यंत तास संपतो. इथे वाक्य तयार नव्हतं.

"अगली कौनसी?" मी विचारलं. आवाज जरा मोठाच निघाला. टेबलावरच्या दोघांनी मान वर केली. "मतलब, अगली दे दो ना. आज ही."

भैयांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि टेबलाकडे वळून विचारलं, "किसको रंगवानी है?"

फासे हातात धरलेल्या एकाने खोक्यातून एक करडा ड्रॅगन काढला आणि माझ्या पुढे धरला. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी ड्रॅगन बोटांत धरून बाहेरच्या उन्हात फिरवत राहिले आणि उजेड कुठून येऊ द्यायचा ते ठरवू लागले.