रक्त काय फॅक्सनं गेलं?

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जाते. न छापलेली मात्र रिपोर्टरच्या डोक्यात ठाण मांडून बसते आणि चार माणसं चहाला जमली की आपोआप बाहेर पडते. माझ्याकडचा असला साठा तपासला तर निम्मा रक्ताचाच निघेल! खून-मारामाऱ्यांचं रक्त नव्हे. ते सगळं छापून झालं. हे बाटलीतलं रक्त. लेबल लावलेलं, तपासायला दिलेलं.

आमच्या पेपरचं ऑफिस कोल्हापुरात एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. नव्वदचं दशक संपता संपता आमच्या बरोब्बर खाली एक लॅब आली. तोवर आमच्याकडं रक्त तपासायचं म्हणजे शुगर आणि हिमोग्लोबिन. या लॅबच्या बोर्डावर मात्र व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी, लोह, कॅल्शियम, झिंक अशी लांबलचक रांग होती. मालक दिनकरराव. इस्त्रीचा पांढरा कोट आणि साखरेसारखं बोलणं. ते डॉक्टर आहेत का, हे कुणी विचारलं नाही. कोट होता ना!

उद्घाटनाला आम्हा पत्रकारांना आमंत्रण होतं. मधोमध एक मोठं मशीन, त्यावर झेंडूचा हार.

मी विचारलं, "यात व्हिटॅमिन कसं कळतं?"

दिनकरराव म्हणाले, "यात नाही कळत साहेब. व्हिटॅमिनचं सँपल बसनं मुंबईला जातं, मोठ्या लॅबमध्ये. तिथनं रिपोर्ट येतो."

"मग हे मशीन कशाला?"

"लोकांना बघायला काहीतरी पाहिजे की!"

* * *

शेजारधर्म म्हणून दिनकररावांनी आमच्या सगळ्या ऑफिसचं रक्त फुकट तपासून दिलं. आमचे संपादक दिवसभर पडदे ओढलेल्या केबिनमध्ये बसायचे. त्यांचं व्हिटॅमिन डी भरपूर! आमचा फोटोग्राफर आप्पा मगदूम रोज मोर्चे आणि कुस्तीची मैदानं करत फिरायचा. त्याचं कमी! रिपोर्टवर सल्ला होता, उन्हात जात जा.

आप्पा रिपोर्ट हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "माझा रंग बघ की जरा! ह्याच्याफुडं जास्त ऊन म्हणजे डायरेक्ट सरणच!"

आम्ही हसून हसून पालथे पडलो. आता उन्हात राबणाऱ्या माणसाचंही डी कमी असू शकतं, हे मला पुढं एका खऱ्या डॉक्टरनं समजावलं. म्हणून तेवढ्यावरून मी दिनकररावांना धरत नाही. धरायला पुढं बरंच आहे.

* * *

आप्पाच्या बायकोचं, सुनंदावहिनींचं दुखणं त्याच सुमारास सुरू झालं. पायांना मुंग्या यायच्या. मग मुंग्याही थांबल्या आणि पायच आपले वाटेनात. एकदा महाद्वार रोडवर खरेदी करून घरी आल्या तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठं सुटली, त्यांना पत्ता नाही! सासूबाईंनी निकाल दिला, "कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काय न्हाय."

आप्पानं वहिनींना खालच्या लॅबमध्ये आणलं. बी-ट्वेल्व्हपासून सगळं तपासायला रक्त दिलं. आणि नेमका पंचगंगेला पूर आला.

शिरोलीजवळ हायवेवर पाणी. कोल्हापूरचं बेट झालेलं. गोकुळाष्टमीच्या दहीहंड्यांना पुरेल एवढं दूध गावात तटलं, कारण मुंबईला जायला टँकरला वाट नव्हती. आमच्या पेपरचे गठ्ठे जिन्यात पडून. आणि अशात दिनकरराव हसतमुखानं वर आले. "आप्पासाहेब, वहिनींचा रिपोर्ट आला मुंबईहून. सगळं नॉर्मल!"

मी खुर्चीतून उठलोच. "मुंबईहून? कसा आला?"

"फॅक्सनं."

"रिपोर्ट फॅक्सनं आला, मान्य. पण रक्त काय फॅक्सनं गेलं?"

दिनकरराव जरासुद्धा चाचरले नाहीत. "साहेब, तुम्ही बातम्या बघा. सायन्स आमच्याकडं राहू दे."

मी आप्पाकडं वळलो, तर तो माझ्यावरच भडकला. "नॉर्मल आलंय तर तुझ्या पोटात का दुखतंय? काहीतरी वाईट निघायला पाहिजे होतं काय?"

रिपोर्ट बघून वहिनींच्या नेहमीच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. वहिनी तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊजी, पायात चप्पल हाय का न्हाय ते मला खाली बघून कळतंय. आणि कागद म्हणतोय मी ठणठणीत!"

* * *

मग आलं तालमीतलं शिबिर. नगरसेवकाच्या वाढदिवसानिमित्त पैलवानांची मोफत व्हिटॅमिन तपासणी. लॅब अर्थात दिनकररावांची.

आता कुस्त्यांचं मैदान तोंडावर आलं असताना अंगातला रक्ताचा थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही त्या तालमीची रीत. पैलवानांनी दंड आखडून घेतले. पण नगरसेवकाला नाही कसं म्हणायचं? वस्ताद ज्ञानूमामांनी तोडगा काढला. संभा नावाच्या पैलवानाचा गुडघा दुखावला होता, तो या मैदानात उतरणार नव्हता. मामांनी त्यालाच खुर्चीत बसवलं. "घ्या ह्याचंच सगळ्यांच्या नावानं. रेड्यासारखा हाय, त्याला काय होत न्हाय!"

लॅबच्या माणसाला बाटल्या भरून हव्या होत्या. त्यानं भरल्या. लेबलं मात्र वेगवेगळ्या पैलवानांची.

काही दिवसांनी ज्ञानूमामा रिपोर्टांची चळत काखेत मारून आमच्या ऑफिसात आले. आप्पा आणि माझ्यासमोर त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला. एकाचं लोह कमी, दुसऱ्याचं जास्त. एकाचं बी-ट्वेल्व्ह ओसंडून चाललेलं, दुसऱ्याचं तळाला गेलेलं. एका पठ्ठ्याच्या रिपोर्टवर तर तातडीनं दवाखान्यात भरती होण्याचा सल्ला! तो त्या घटकेला तालमीत बैठका मारत होता.

मामांनी चळतीवर पंजा आपटला. "पत्रकार, ही एकाच म्हशीची धार हाय. एका लोट्यात तूप आणि दुसऱ्यात नुसतं पाणी कसं काय आलं, सांगा की!"

मला वाटलं, आप्पा हसेल. आप्पा हसला नाही. त्याच्या हातात लेन्स पुसायचं फडकं होतं, ते खाली पडलं. तो उठला, कॅमेरा टेबलावर तसाच टाकून जिना उतरला आणि थेट घरी गेला. इतक्या वर्षांत आप्पानं कॅमेरा मागं सोडलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

* * *

मी बातमी लिहिली. दिनकररावांच्या नावासकट, संतापानं पेन मोडेल इतक्या जोरात. संपादकांनी वाचली आणि पहिल्या पानाकडं बोट केलं. तिथं खालच्या कोपऱ्यात लॅबची जाहिरात होती.

"नाव काढा," ते म्हणाले.

मी भांडलो. टेबलावर हात आपटले, राजीनामा देतो म्हणालो. शेवटी 'शहरातील एका लॅबचा प्रताप' अशा मथळ्याखाली, नावागावाशिवाय, आतल्या पानावर चार ओळी आल्या.

सकाळपासून ऑफिसचा फोन थांबेना. एक लॅबवाला म्हणतो, आमची बदनामी केलीत, कोर्टात खेचतो! दुसरा म्हणतो, आमच्यावर लिहायची हिंमत कशी झाली! दुपारपर्यंत हेच. नाव कुणाचंच छापलं नव्हतं, पण ज्यानं त्यानं आपलंच वाचलं होतं!

फक्त दिनकररावांचा फोन आला नाही. ते स्वतः वर आले, पेढे घेऊन. "फार चांगलं लिहिलंत साहेब. असल्या लोकांना उघडं पाडलंच पाहिजे!"

* * *

आप्पा वहिनींना घेऊन मिरजेला गेला. मी सोबत होतो. तिथल्या डॉक्टरनं चिमट्यासारखा एक लोखंडी काटा आपटून वाजवला आणि त्याचं बूड वहिनींच्या घोट्याला टेकवलं.

"गुणगुण जाणवते?"

"कसली?" वहिनींनी विचारलं.

काटा माझ्या कानाला ऐकू येत होता.

मग डॉक्टरनं जेवणाखाण्याचं विचारलं. जैनांचं घर. मटण-अंड्याचा प्रश्नच नाही आणि दूध असेल ते पोरांच्या पेल्यात. बी-ट्वेल्व्ह मिळतं ते यातूनच, आणि वहिनींचं तळाला गेलेलं. तिथल्या लॅबनं तपासलं आणि शंका नको म्हणून पुन्हा तपासलं.

"इतका उशीर का केलात?" डॉक्टर आप्पाला म्हणाले. आप्पानं खिशातून तो नॉर्मलचा रिपोर्ट काढून पुढं केला. डॉक्टरनं वाचला, घडी घातली आणि परत दिला. "इंजेक्शनं सुरू करू. पण नसांचं जे गेलंय त्यातलं किती परत येईल, आज सांगता येणार नाही."

परतीच्या गाडीत जयसिंगपूर आलं. वहिनींचं माहेर. एरवी तिथं त्या खिडकीला नाक लावून बसायच्या. त्या दिवशी सगळा वेळ स्वतःच्या पायांकडं बघत होत्या.

* * *

इंजेक्शनांनी फरक पडला. आधी मुंग्या परत आल्या, तर वहिनींनी आनंदानं मला फोन केला! मग काठीच्या आधारानं चालायला लागल्या. डाव्या पायाची बोटं मात्र मुकीच राहिली. चालताना नजर जमिनीवर ठेवायची, ही सवय कायमची लागली.

वर्षभरानं फेरतपासणीला आम्ही तिघं पुन्हा मिरजेच्या त्या लॅबमध्ये गेलो. बाकावर एक माणूस बसला होता. ऐन उन्हाळ्यात कानाला मफलर, मान खाली, एका हाताची बाही दंडापर्यंत दुमडलेली. आतून नावाचा पुकारा झाला आणि त्यानं मान वर केली.

दिनकरराव!

आप्पाच्या मुठी वळल्या. मी त्याचा दंड धरला. दिनकररावांचं ते साखरेसारखं बोलणं पहिल्यांदाच अडखळलं. "वहिनी... तुम्ही हिकडं? मी आपलं... जरा पायाला मुंग्या येतात, म्हटलं एकदा तपासून..."

वहिनी उठल्या. काठी टेकत, आपली पावलं बघत बघत त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. मग नजर वर केली.

"काळजी करू नका, पावणं. तुमचंबी नॉर्मलच येऊ दे!"