एका मरणाला दोन शिट्ट्या

माझे यजमान एकाच संध्याकाळी दोनदा मेले, आणि दुसऱ्या वेळी जास्त चांगले मेले.

ही चामराजपेटेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची गोष्ट. आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि ते बरोबरच आहे असं आम्ही समजत होतो. मग इथल्या सरकारी कारखान्यांत पुण्याचे इंजिनियर आले आणि आमचं काय काय चुकतं ते आम्हाला कळलं. त्यातले परचुरे नाटकं बसवायचे, नायकही स्वतःच व्हायचे. ह्यांना (यजमानांना मी अजून 'हे'च म्हणते) दर वर्षी भालदार करायचे. भालदाराला बोलायला काही नसतं.

त्या वर्षी नाटक परदेशी होतं, आपले कपडे घातलेलं. तिसऱ्या अंकात नायकाचा जिवलग मित्र तलवारीच्या द्वंद्वात मरतो. मग नायकाचं डोकं फिरतं, तो तलवार उपसतो, आणि तिथून पुढे सगळे मरतच जातात. मित्राचं काम ज्याला दिलं होतं त्याची बदली झाली आणि ते ह्यांच्याकडे आलं. परचुऱ्यांनी बजावलं, सगळं नाटक या मरणावर फिरतं.

झालं! हे महिनाभर घरात मरत होते. न्हाणीघराच्या दारात मरायचे, तुळशीपाशी मरायचे. दूधवाला एकदा भांडं टाकून पळाला.

"एवढं मरण जमलं ना," हे म्हणायचे, "की परचुरे माझ्या हातात पुन्हा भाला देणार नाहीत."

मी सांगायचे, खुशाल मरा, पण भाताच्या पातेल्यापासून लांब.

सासूबाईंना हे मरण अजिबात पसंत नव्हतं. त्यांची एकच अट होती. पडदा पडल्याबरोबर, हे उठायच्या आत, मी आरतीचं लाल पाणी ओवाळून ह्यांना कुंकू लावायचं. (हळदीत चुना घालून करतात ते पाणी. आमच्याकडे बारशापासून लग्नापर्यंत दृष्ट काढायला तेच.) मेलेला मुलगा तसाच उठून घरी यायचा नाही! परचुऱ्यांनी कपाळाला हात लावला, पण शेवटी कबूल झाले. "शिट्टी वाजली की पडदा पडतो," ते मला म्हणाले. "शिट्टीआधी विंगेतून पाय बाहेर टाकायचा नाही."

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी एवढं लक्षात राहतं.

आणखी एक काम मी न सांगता केलं. माझा थोरला भाऊ, अण्णा, त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि बजावलं की हे मेले की जोरात शाबासकी दे, पुणेकरांना ऐकू गेली पाहिजे.

आणि हे मेले. काय मेले म्हणून सांगू! तलवार लागली तसे आधी हसले, मग पोटाकडे बघितलं, मग गुडघ्यांवर आले आणि नायकाचा हात धरून हळूच आडवे झाले. परचुऱ्यांनी मित्राच्या छातीवर डोकं ठेवलं. आता ते उठणार, तलवार उपसणार.

तेवढ्यात कडक शिट्टी वाजली.

मी निघाले. (पडदा बघायला नको होता का, असं लोक विचारतात. मी ताटातला दिवा बघत होते, तो विझत होता.) सरळ ह्यांच्यापाशी जाऊन बसले आणि परचुऱ्यांना म्हटलं, "स्वल्प सरका."

परचुरे सरकले. माणूस इतका थक्क झाला होता की सरकला! मी ओवाळलं, बोट कुंकवात बुडवलं. शिट्टी ह्यांनीही ऐकली होती, मिटल्या डोळ्यांनी. जन्मभर आई, बहीण, बायको यांनी ओवाळलेला माणूस. मेलेल्याने मान उचलली, रीतीप्रमाणे डोक्यावर हात ठेवला आणि कपाळ पुढे केलं.

"बरा मेलो ना?" ह्यांनी विचारलं.

"बेस मेलात," मी म्हटलं.

मग हशा उसळला, आणि तो जिकडे पडदा असायला हवा तिकडून आला. मी वळून पाहिलं. पहिल्या रांगेत अण्णा अजून दोन बोटं तोंडात घालून बसला होता. त्याची शाबासकी लहानपणापासून तीच, आणि हे मला ठाऊक होतं.

परचुरे दात आवळून म्हणाले, "वहिनी, ह्यांना मरू द्या. मित्र जिवंत असला तर मी सूड कशाचा घेऊ?"

मी ताट उचलून विंगेत पळाले. मारणारा तिथे मिशी काढून कॉफी पीत होता, त्याला तसाच पुन्हा रंगमंचावर ढकलला. या वेळी हे हसले नाहीत, गुडघ्यांवर आले नाहीत. तलवार लागली, विंगेत माझ्याकडे एकदा बघितलं आणि उभेच्या उभे कोसळले. त्या नजरेत महिनाभराची सगळी मरणं होती. हसणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. परचुऱ्यांना तालमीत कधी नीट संतापता आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. तलवार उपसून ते जे ओरडले, ते सारखे विंगेकडे बघून.

मग खरी शिट्टी झाली. तरी मी पडद्याला हात लावून बघितल्याशिवाय गेले नाही.

पुढच्या वर्षी ह्यांना मंत्र्याचं काम मिळालं, चांगलं पानभर बोलणं असलेलं. भाला कायमचा सुटला. मंडळाने मलाही काम दिलं, दर वर्षीचं: पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत अण्णाचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवायचे. केवढा विश्वास, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. त्यात माझेही दोन्ही हात अडकून राहतात, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं.