मासळीला दम घ्यायला जागा

"मासोईले दम घ्याले जागा ठेवा, साहेब." जलपर्णी काढताना हे वाक्य काका दिवसातून दहादा म्हणत आणि वेल ओढायच्या लोखंडी पंजाने हवेत एक आडवी रेघ ओढत. रेघेच्या अलीकडची वेल आज काढायची, पलीकडची पंधरा दिवसांनी.

नागपूरच्या आमच्या तलावात मच्छीमार सोसायटीची मासळी होती आणि राखण या काकांकडे. मी तलावसफाईचा नवा सुपरवायझर, शेतकीची पदवी ताजी. मासळी खाऊ घाला म्हटलं की ते म्हणत, "आपलीच पोरं कोणी खाते काय जी?" रविवारी मात्र बाजारातून दुसऱ्याची पोरं खुशाल आणत. तुम्हीही त्यांच्या प्रेमात पडला असता.

उन्हाळ्यात तणनाशक आलं आणि मागोमाग मोठे अधिकारी पाहणीला येणार असल्याचा निरोप. टप्प्याटप्प्याने फवारा, असं पत्रकात लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, म्हणूनच जास्त लाज वाटते.

"एक पट्टी मारा, मंग थांबा," काका म्हणाले. "वेल सडली का पाणी मरते."

"काका, तुमच्या हिशेबाने दिवाळी उजाडेल!" मी म्हणालो आणि दोन दिवसांत अख्खा तलाव फवारून मोकळा झालो.

आठवड्याने सगळी वेल कुजायला लागली. एका सकाळी पोचलो तर मासे पाण्यावर तोंडं काढून तडफडत होते आणि काका छातीभर पाण्यात उभे राहून सडकी वेल काठावर फेकत होते. मीही उतरलो. दुपारपर्यंत मेलेल्या मासळीने काठ पांढरा झाला.

पंचनामा मीच लिहायला बसलो. कारणाच्या ओळीवर हात अडला.

"ऊन लिहा, साहेब. तुमची नोकरी नवी हाय." एवढं बोलून त्यांनी खाली अंगठा दिला.

मासळी मरत होती तेव्हा राखणदार काय करत होता, असं म्हणून सोसायटीने त्यांना काढलं. मी 'ऊन' लिहिलेला पंचनामा तसाच पुढे पाठवला. अधिकाऱ्यांनी स्वच्छ तलाव पाहून माझी पाठ थोपटली.

ते नरखेडकडे, संत्र्याच्या बागेत कामाला असलेल्या मुलाकडे गेले. दोन वर्षांनी माफी मागायला म्हणून मी एस.टी.ने तिथे गेलो. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, "नोकरी टिकली ना जी?"

"पर्मनंट झालो."

त्यांचा चेहरा असा फुलला की पुढचं माझ्या तोंडून निघेना. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून परतलो.

पुढच्या खेपेला मुलगा एकटाच झाडांना पाणी देत होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.