अडलेली चौथी ओळ

उभा जन्म लोकांचे कपडे शिवून सासूबाईंची नजर अधू झाली होती, पण मशीन काही सुटत नव्हतं. कामात बिनसलं की त्या यमकं जुळवायच्या. नवरा गेल्यापासूनची ही खोड. त्या संध्याकाळी त्यांनी शर्टाची बाही उलटी जोडली. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून निघालं ते असं:

“डोळे गेले सुट्टीवर,
गुडघे बसले संपावर,
जीभ एकटी कामावर...”

पुढची ओळ काही केल्या सुचेना. तेवढ्यात दवाखान्यातली पाळी संपवून सून आली. नर्स ती, दिवसभर पायांवर उभी. चपला काढता काढता ती बोलून गेली, “आणि सारा भार सुनेवर!”

सून चपापली. “तसं नव्हतं म्हणायचं, आई.”

“तसंच होतं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि यमकही चोख बसलंय.”

मग त्यांनाच हसू फुटलं, सुनेलाही आवरेना. हसून दमल्यावर सून भिंतीला टेकून खालीच बसली आणि शर्ट मांडीवर ओढून टाके उसवू लागली. सासूबाई गुडघ्यांवर हात रेटत उठल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.