धुऱ्यावरची तूर

उमरेडच्या पहिल्या गाडीनं भाचा आला आणि दारातच उभा राहिला. "मामा, माय गेली," एवढंच बोलला. माझी थोरली बहीण. आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो. तिला जाऊन आता महिना होत आला. लोक म्हणतात, सुटली. कशातून सुटली, ते मात्र कोणी बोलत नाही.

बाई आणि भाऊजी उमरेड रोडवरच्या एका गावात बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, वावर वाहत. मालक नागपूरला, धरमपेठेत. वावर उताराचं, दर पावसाळ्यात त्याची माती नाल्यात जायची. अशात सरकारची योजना आली, शेतात बांध घाला आणि अनुदान घ्या. साहेब जीपमधून आले, चुन्याच्या रेघा मारून गेले. भाऊजी भोळे. जो मातीत हात घालील त्यालाच सरकार देईल, असं धरून चालले. दोघं उन्हाळाभर राबली. बाईच्या डोक्यावर टोपली पाहून मी म्हटलं, "काहून एवढी मरून राहिली वं?" तर हसली. "माती थांबली तं आपणही इथं थांबू गा."

माती थांबली. अनुदान मात्र सातबाऱ्यावर नाव होतं त्याला, म्हणजे धरमपेठेला गेलं. भाऊजी विचारायला गेले, तेव्हा मालकांनी त्यांना चहा पाजला. अशी माणसं चहा फार चांगला पाजतात.

तरी बाई कुरकुरली नाही. आमच्याकडे रीत आहे, वावर कोणाचंही असो, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं पीक वाहणाऱ्याच्या घरच्या बाईचं. नव्या धुऱ्यावर तिनं तूर टाकली. त्या तुरीवर तिचा फार जीव... पुढं वावर असं सुधारलं, की मालक मोटार घेऊन बघायला आले. पाहिलं आणि म्हणाले, "आता घरीच करतो." तूर तेव्हा शेंगांनी वाकली होती.

बाई पुढं झाली. "वावर तुमचं हाये मालक, घ्या. धुऱ्याची तूर तेवढी मले सोंगू द्या."

"बांध सरकारी अनुदानाचा आहे. त्याच्यावर तुझा हक्क कसा?" मालक शांतपणे म्हणाले.

माती वाहताना बांध तिचा, अनुदान घेताना मालकाचा आणि तूर सोंगायच्या वेळी सरकारचा. याला हलकटपणा नाही तर काय म्हणायचं? मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मेली माझी बहीण, मालक नव्हे. ते खुशाल आहेत. त्या तुरीचं वरण त्यांच्या घरी शिजलं असेल, आणि त्यांनी ते चवीनं खाल्लं असेल.

मग भाऊजी उमरेडला कोळशाच्या खाणीत लागले, बाई मजुरीला. माझ्याकडे येता-जाता एस.टी. त्याच वावराच्या कडेनं जायची. बाई नेहमी पलीकडच्या खिडकीशी बसायची, भर उन्हाची बाजू असली तरी. एकदा मी सोबत होतो. वावर आलं. मान न वळवता तिनं विचारलं, "धुरा हाये काय गा?"

"हाये."

"अन् तूर?"

मी पाहिलं. धुऱ्यावर नुसतं वाळलेलं गवत होतं.

"हाये," मी म्हटलं.

ती पदर तोंडावर ओढून बसली.

तेरवीहून परतताना गाडी अर्धी रिकामी होती. सावलीच्या बाजूला जागा होती, कंडक्टरनं दाखवलीही. मी बाईच्या खिडकीशी बसलो. वावर जवळ आलं तसं ऊन डोळ्यांवर आलं. मी मान वळवली नाही.