वाझाच्या अंगणातली गाडी

रुस्तावीच्या बाजारात गाडी शोधायला आलेला माणूस चालण्यावरून ओळखू येतो. तो हव्या त्या गाडीकडे सरळ जात नाही. तिच्या शेजारची गाडी बघतो, तिचं दार उघडून लावतो, आणि मग सहज नजर गेल्यासारखा हवी तिच्याकडे वळतो. विकणाऱ्यांना हे माहीत असतं. ते कोटात हात घालून, तोंडानं सूर्यफुलाच्या बिया फोडत, दुसरीकडे बघत उभे राहतात.

जुंबेर तो अख्खा हिवाळा असा चालला. उंच, जरा पोक आलेला, साठीच्या अलीकडचा माणूस. तरुणपणी तो पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. कारखान्याचे दिवस संपले तसा दुसऱ्यांच्या टॅक्सी वाट्यानं चालवू लागला. त्या गाड्यांचे मालक बदलत राहिले. जुंबेर चालवत राहिला आणि निम्म्याहून अधिक कमाई त्यांच्या हातावर ठेवत राहिला. घरी तो एकटाच. बायको नानुली इटलीतल्या बारी शहरात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेली, त्याला नऊ वर्षं झाली होती. कागदपत्रांवाचून राहिलेली बाई. एकदा निघून आली की परत तिथं शिरता येणार नव्हतं. म्हणून दोघांचं असं ठरलं होतं की तिनं साठवलेल्या पैशांतून जुंबेरनं स्वतःची एक धड गाडी घ्यायची, तिच्यावर दोघांचं पोट भरतंय याची खात्री करायची, आणि मगच तिनं यायचं.

रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"पाहिलीस का?"

"पाहिल्या. एक चांगली वाटली होती. पण सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढला तर त्यावर चिखलाची रेघ. पुरात बुडालेली."

"तिथं कुठे पूर आला?"

"इथं नाही. अमेरिकेत. तिकडच्या बुडालेल्या, आपटलेल्या गाड्या जहाजानं येतात. इकडे धुऊन पुसून उभ्या करतात."

"आणि दुसरी?"

"दुसरी दोन गाड्यांची मिळून एक होती. पुढची अर्धी निराळी, मागची अर्धी निराळी."

नानुली हसली नाही. मागे कुणीतरी म्हातारी खोकत होती, तिचा आवाज आला. मग नानुली म्हणाली, "जुंबेर, एक विचारते, रागावू नकोस. तुला गाडी पसंत पडत नाही की मी येणं पसंत नाही?"

खरं तर या प्रश्नाचं उत्तर त्याला स्वतःलाही पुरतं ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत फोनवरची बायको म्हातारी झाली होती, आणि मनातली तशीच राहिली होती. दोघींपैकी कोण विमानातून उतरेल याची त्याला थोडी भीती वाटत असे. पण त्याहून मोठी भीती साधी होती. गाडी खोटी निघाली तर नानुलीला परतायला जागा उरणार नव्हती.

"तू पुन्हा जाऊ शकणार नाहीस," तो म्हणाला. "म्हणून बघून घेतोय."

"बघ. पण मी जिवंत असेपर्यंत बघ."

त्याच्यासोबत अनझोर असायचा. कारखान्यातला जुना सोबती, बुटका, बोलघेवडा. त्याच्या खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक असे. ते तो गाडीच्या अंगावरून फिरवायचा. जिथं पत्र्याऐवजी लांबीचा लगदा भरलेला, तिथं चुंबक सुटून पडायचं. अनझोर ते उचलून विकणाऱ्याकडे असा बघायचा, जणू त्याचा दात पडला आहे आणि हा तो परत देतोय.

"लग्नाच्या वेळी नानुलीनं तुझ्यावरून हे फिरवलं असतं ना," तो जुंबेरला म्हणायचा, "तर तू अजून उभा असतास विक्रीला."

मार्च उजाडला. बाजारातले लोक जुंबेरला नावानं ओळखू लागले. "आला बघा नवरदेव," म्हणत. तो दिसला की काहीजण बॉनेट उघडायचेही कष्ट घेईनात. त्याच सुमाराला अनझोरला फोनवर एक जाहिरात दिसली. अलाझानीच्या खोऱ्यातलं एक गाव, चंदेरी जपानी गाडी, एकाच मालकाच्या हातची, भाव बाजारापेक्षा बराच कमी.

"एवढी स्वस्त का?" जुंबेरनं विचारलं.

"खेड्यातला माणूस आहे. त्याला बाजार ठाऊक नसेल. चल, कुणी त्याला शहाणा करायच्या आत जाऊ."

दुपारी ते तिथं पोचले. फाटक उघडं होतं. आत अंगणभर लांबलचक टेबलं मांडलेली, आणि त्यांच्याभोवती काळ्या कपड्यांतली माणसं बसलेली. टेबलाच्या एका टोकाला तरुण मुलाचा फोटो, त्याच्यासमोर गव्हाच्या वाडग्यात खोचलेली मेणबत्ती. कुणाचं तरी वर्षश्राद्ध होतं. दोघंही फाटकातच थांबले, टोप्या काढल्या आणि मागे फिरायला लागले. तेवढ्यात एक धिप्पाड, पांढऱ्या खुंटाच्या दाढीचा माणूस पुढे आला आणि त्यानं जुंबेरचं कोपर धरलं. तोच गाडीचा मालक, वाझा.

"गाडीसाठी आलात ना?"

"हो, पण आज नको. आम्हाला माहीत नव्हतं. पुन्हा येऊ."

"आज माझ्या दारात आलेला माणूस उपाशी जायचा नाही. लेवानचा दिवस आहे. माझा मुलगा. बसा."

बसावं लागलं. मटणाचा भात आला, मासा आला, राजम्याचा लोबिओ आला, मातीच्या सुरईतून दारू आली. टेबलाच्या मध्यावर बसलेला म्हातारा तामादा, म्हणजे प्रत्येक पेल्याआधी बोलायचा मान असलेला, उठून बोलायचा आणि मग सगळे प्यायचे. आधी देवासाठी. मग लेवानसाठी. सगळे उभे राहिले. कुणी पेल्याला पेला लावला नाही. प्रत्येकानं पावाच्या तुकड्यावर थोडी दारू ओतली. जुंबेरनंही ओतली, अनझोरनंही. तो मुलगा कशानं गेला हे कुणी बोललं नाही. अशा टेबलावर पाहुण्यानं ते विचारायचं नसतं. फोटोतला चेहरा बारीक होता. जुंबेरनं मनातल्या मनात आजारानं गेला असं धरलं.

गाडी अंगणापलीकडे अक्रोडाच्या झाडाखाली होती. तिच्यावर बिछान्याची फुलाफुलांची चादर घातलेली. वाझानं ती एका टोकापासून गुंडाळत काढली, नीट घडी केली आणि काखेत धरली.

"लेवानचीच," तो म्हणाला.

अनझोरनं खिशात हात घातला. जुंबेरनं त्याला बाजूला ओढलं.

"काय करतोस?"

"चुंबक. आणि एकदा खाली शिरतो. दोन मिनिटं."

"आत्ता?"

"मग कधी? पैसे दिल्यावर?"

"अनझोर, आत्ता त्या पोराच्या नावानं पावावर दारू ओतलीस तू. आणि आता कोट काढून त्याच्याच गाडीखाली पालथा पडणार? त्याची आई बघतेय तिकडून."

अनझोरनं तिकडे पाहिलं. खरंच एक बाई खांबाला धरून उभी होती. त्यानं रिकामा हात खिशातून बाहेर काढला.

"हिवाळाभर तू शंभर गाड्यांच्या पोटात तोंड घातलंस," तो हळूच म्हणाला.

"त्या बाजारात होत्या."

वाझानं इंजिन सुरू केलं. आवाज छान होता, सलग. जुंबेरनं भाव केला नाही, मागितले तेवढे पैसे मोजून दिले. वाझा त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला, मग त्यानं त्याला मिठी मारली आणि दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. "देव तुला सांभाळो, भावा. तू हे मोठं काम केलंस माझं." जुंबेरला वाटलं, गड्याला पैशांची नड असावी. येताना गाडी किंचित उजवीकडे ओढत होती. रस्त्याचा उतार असेल, तो म्हणाला. अनझोर खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या रविवारी फोनवर त्यानं नानुलीला गाडी दाखवली. तिनं चारही बाजूंनी फिरवायला लावलं. "चकाकते रे," ती म्हणाली, आणि बोलता बोलता रडायला लागली. तिनं आपलं काम आपल्याकडच्या, झेस्ताफोनी गावच्या एका बाईला सोपवलं आणि तिकीट काढलं.

टॅक्सीच्या परवान्याआधी सरकारी तपासणी असते. काही आठवड्यांनी जुंबेर गाडी घेऊन गेला. गाडीखालच्या खड्ड्यात उतरलेला तरुण कामगार बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा हात पुसत म्हणाला, "काका, तुम्हीच आपटलीत का ही?"

"मी? मी नुकतीच घेतली."

"मग खाली या, दाखवतो."

खाली बॅटरीच्या उजेडात त्यानं दाखवलं. सांगाडा पुढून पार दुमडून गेलेला होता. तो खेचून सरळ केलेला, जोडलेला, घासलेला, त्यावर काळा रंग दिलेला. एका जोडाला आता केसाएवढी भेग गेली होती.

"ज्यानं केलं त्यानं मन लावून केलंय," कामगार म्हणाला. "पण हे टिकत नाही. टॅक्सीला पास व्हायची नाही. मी तर म्हणतो, बायकोपोरांना बसवू नका हिच्यात."

नानुलीचं विमान चार दिवसांवर आलं होतं.

जुंबेर एकटाच वाझाकडे गेला. वाटभर त्यानं शिव्या जुळवल्या. अंगणात शिरल्यावर त्यातली एकही आठवेना, नुसतंच म्हणाला, "सांगाडा मोडलेला आहे तिचा."

वाझा द्राक्षांच्या वेली छाटत होता. कात्री हातातच राहिली. "हो," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

"माझा मुलगा तिच्यात मेला, जुंबेर. मला ठाऊक नसेल?"



"आजारानं नाही गेला?"

"कसला आजार? तेलावीच्या रस्त्यावर, ट्रकवर आदळून. गावाला माहीत आहे. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं." वाझानं कात्री खाली ठेवली. "तू त्याच्यासाठी प्यायलास. मला वाटलं, तुलाही कुणीतरी सांगितलंय. वाटलं, हा सगळं माहीत असून गाडी घेतोय, भावही करत नाहीये, माझ्या अंगणातून ती गोष्ट उचलून नेतोय. रात्री मी तुझ्यासाठी मेणबत्ती लावली."

"मग दुरुस्त कशाला केलीस?"

"त्याची आई रोज सकाळी त्या चेपलेल्या पत्र्याजवळ जाऊन बसायची. हात लावून बघायची. म्हटलं, पोरगा दुरुस्त होत नाही, गाडी तरी होऊ दे."

जुंबेरनं पैसे मागितले. आवाज त्याचा त्यालाच लाचार वाटला. वाझा पुढे चालू लागला. गावाबाहेर टेकडीवर दफनभूमी होती. तिथं लेवानच्या थडग्यावर नवा काळा दगड उभा होता, माणसाच्या उंचीचा. त्यावर लेवान कोरला होता, पूर्ण, पायांतल्या बुटांसकट. आणि त्याच्या मागे गाडी. कोरणाऱ्यानं दिवे, आरसे, चाकांच्या कड्या सगळं कोरलं होतं, नंबरसुद्धा. जुंबेर ज्या गाडीतून आला होता तिचाच नंबर.

"पैसे इथं आहेत," वाझा म्हणाला. "दगड तिबिलिसीहून आणला. तुला हवा तर उपटून ने. मी अडवणार नाही."

जुंबेरनं दगडाकडे पाहिलं. मुलाचा एक हात गाडीच्या टपावर ठेवलेला होता, आपलीच आहे असा. वाझानं कोटाच्या खिशातून दारूची बाटली काढली. दोघांनी थोडी मातीवर ओतली आणि उरलेली प्यायली.

कुताईसीच्या विमानतळावर तो त्याच गाडीनं गेला. बसनं जावं असं मनात आलं होतं, पण मग बाहेर येताच पहिल्या क्षणी तिला सांगावं लागलं असतं. नानुली दोन बॅगा ओढत आली. केस तोकडे, हात लालसर आणि फुगलेले. तिनं आधी नवऱ्याला धरलं, मग गाडीला एक फेरी मारली, बॉनेटवरून तळहात फिरवला.

घाट संपेपर्यंत त्यानं गाडी अगदी सावकाश चालवली. मागच्या गाड्या हॉर्न देऊन पुढे जात होत्या.

"बैलगाडी हाकतोस का?" ती म्हणाली. "मागचे आपल्याला शिव्या देतायत."

मग त्यानं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. टेबल, फोटो, पाव, अक्रोडाखालची चादर, खड्ड्यातली भेग, काळा दगड.

नानुलीनं किंचाळून दार उघडलं नाही. नऊ वर्षांत तिनं कितीतरी जणांचे डोळे स्वतःच्या हातानं मिटले होते. ती मेलेल्या माणसाला भ्यायली नाही. तिनं विचारलं, "तू खाली वाकून बघितलंस का नाही?"

"त्यांच्या घरी दुःख होतं, नानुली."

"आपल्या घरी काय होतं?"

एक ट्रक गेला आणि गाडी त्याच्या वाऱ्यानं हलली.

घरी आल्यावर तिनं एक बॅग सोडली, दुसरी तशीच पलंगाखाली सरकवली. पहिले काही आठवडे तिनं रुस्तावीत काम शोधलं. शाळेत झाडलोट, बेकरीत रात्रपाळी. मिळायचं त्यात विजेचं आणि गॅसचं बिल भागायचं. अनझोर म्हणाला, बाजारात उभी कर गाडी, कुणी ना कुणी घेईल. जुंबेर एका रविवारी ती घेऊन गेलासुद्धा. एक तरुण आला, शेजारच्या गाडीचं दार उघडलं, लावलं, मग हिच्याकडे वळला. "आपटलीय का कुठे, काका?" जुंबेर म्हणाला, "हो." तरुण हसला, मग त्याच्या लक्षात आलं की हा थट्टा करत नाहीये, आणि तो निघून गेला. बाजारात कुणी असं बोलत नाही. आजूबाजूचे विकणारे दिवसभर जुंबेरकडे पाठ करून उभे राहिले.

जूनमध्ये नानुलीला इस्तंबूलमधल्या एका घरातलं काम कळलं. लकव्यानं पडलेला म्हातारा, चोवीस तास. तुर्कस्तानला व्हिसा लागत नाही, बस तिबिलिसीहून सुटते.

"तुला बसपर्यंत सोडू?" जुंबेरनं विचारलं. दोघांनाही माहीत होतं तो कशानं सोडणार.

"सोड," ती म्हणाली. "निदान एक सवारी तरी होऊ दे हिची."

ती मागच्या सीटवर बसली, खऱ्या प्रवाशासारखी, बॅग मांडीवर घेऊन. वाटेत तिनं त्याला सांगितलं की फ्रीजमधलं लोणचं आधी संप, आणि गॅसची नळी बदल, वास येतो. बसस्थानकावर उतरताना तिनं पाकीट उघडलं, त्यातून वीस लारीची नोट काढून पुढच्या सीटवर ठेवली. थट्टा म्हणून ठेवली की खरंच, हे त्याला कळलं नाही. तो परत द्यायला उतरला, तोवर ड्रायव्हरनं बॅग बसच्या पोटात टाकली होती आणि ती पायऱ्या चढत होती.